कोपऱ्याला कोपरा

मे महिन्यात आमच्या केममध्ये दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा चाळीसच्या पुढे जातो, पत्रा तापतो, लिंबाखालची सावलीही गरम लागते आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. गेल्या वर्षी अशाच उन्हात माझी मुलगी तिच्या दोन लेकरांना घेऊन पुण्याहून आली. नात आठ वर्षांची, तिला आम्ही मुन्नी म्हणतो. नातू छोटू, त्याला नुकतीच पाच पूर्ण झालेली. मुलीची बी.एड.ची परीक्षा जवळ आली होती, म्हणून महिनाभर मुलं माझ्याकडेच राहणार होती.

रात्री अंगणात बाजा टाकल्या. मुलं झोपल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "अम्मी, छोटूचं एक काम करशील? त्याच्या बाई म्हणतात, याचा हात वळत नाही. पेन्सिल धरली की दाबून टोक मोडतो. रोज एक पान तरी गिरवून घे त्याच्याकडून."

"इन्शाअल्लाह, घेईन की," मी म्हटलं. तीस वर्षं शिलाई मशीनवर गावाचे कपडे शिवले, चार मुलं वाढवली. एका पोराचा हात वळवणं ते काय मोठं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. नाष्टा झाल्यावर मी वही-पेन्सिल काढली. ती बघताच छोटूने दोन्ही हात बनियनच्या आत घालून पोटाशी धरले. म्हणाला, "नानी, मेरे से नई होता." त्याच्या आवाजात हट्ट नव्हता, रडू नव्हतं. मोठी माणसं एखादी गोष्ट माहीत असल्यासारखी सांगतात ना, तसं त्याने सांगितलं. पाच वर्षांच्या लेकराने आपल्या हातांबद्दल निकाल देऊन टाकला होता. मी वही मिटून ठेवली.

पण मग दिवसभर करायचं काय? बाहेर सोडता येत नाही. घरात एक जुना मोबाईल, त्यावरून दोघांची ओढाओढ. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, मोबाईलची बॅटरीही संपली, आणि मुन्नीने गरम होतंय म्हणून भुणभुण लावली. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर तसंच लटकत होतं. मी त्याचं एक पान फाडलं आणि पंखा करायला घेतला.

पंखा सगळ्यांना येतो. पानाच्या एका कडेला बोटभर रुंदीची पट्टी दुमडायची. कागद उलटा करून तेवढीच पट्टी पुन्हा दुमडायची. असं उलटसुलट करत शेवटपर्यंत गेलं की हातात एक जाड पट्टी उरते. ती बरोबर मधोमध वाकवायची, आतल्या बाजूला समोरासमोर आलेल्या दोन कडा खळीने चिकटवायच्या. उघडला की अर्धगोल पंखा. चिकटवायला काही नसेल तर पट्टीचं एक टोक दोऱ्याने बांधायचं, तरी चालतं. कॅलेंडरचं पान जाड असतं, त्यामुळे वाराही चांगला लागतो.

मी दोन पट्ट्या घातल्या आणि कागद मुन्नीकडे दिला. तिने दोन घातल्या. मग काही न बोलता मी तो छोटूसमोर ठेवला. वही नाही, पेन्सिल नाही. त्याने बनियनमधून एक हात बाहेर काढला.

त्या दिवसापासून आमचा रोजचा कार्यक्रमच ठरला. जोहरची नमाज झाली की चटई, मधे लाकडी पाट, आणि भोवती आम्ही तिघं. दोन दिवसांनी शेजारच्या वहिनींची दोन मुलंही येऊन बसू लागली.

कागद विकत आणायचा नाही, हे मी आधीच ठरवलं. घरात कागद काय कमी असतात? जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, दुकानाची पत्रकं, वर्तमानपत्रं. फक्त एक नियम लावला. अरबी-उर्दू मजकूर असलेला कागद घडीला घ्यायचा नाही. तो वेगळा काढून वरच्या फळीवर ठेवायचा. आमच्या घरात हे लहानपणापासून चालत आलंय. मी सांगितलं तसं शेजारच्या पोराने त्याच्या घरून आणलेल्या पत्रिकांतून गणपतीचं चित्र असलेल्या तेवढ्या आपणहून बाजूला काढल्या. म्हणाला, "चाची, ह्या पण वर ठेवा." फळीवर दोन गठ्ठे शेजारी शेजारी राहिले.

कागदाची अशी अदब आपल्याकडे का आहे, हे मला एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं होतं. मुलांचे अब्बा होते तेव्हा आम्ही खुलताबादला गेलो होतो. वाटेत दौलताबादच्या पुढे कागजीपुरा लागतो. तिथल्या कागदी घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या हाताने कागद केला. चिंध्यांचा लगदा करायचा, तो हौदात कालवायचा, चाळणीवर पातळ थर घ्यायचा, आणि ओला कागद भिंतीला चिकटवून वाळवायचा. दरबारी कागदपत्रं आणि कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती अशा हातकागदावर लिहिल्या जात. एका कागदामागे एवढे हात लागतात हे बघितल्यावर, कोरा कागद चुरगळून फेकताना माझा हात अजूनही अडतो. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा मुन्नीने आपली चुरगळलेली तीन पानं गुपचूप उलगडून सरळ केली.

पेल्यासारख्या वस्तूंना आधी चौकोनी कागद लागतो. चारी बाजू सारख्या. त्यासाठी पट्टी-कात्री लागत नाही. लांबट कागदाचा एक कोपरा तिरका आणून समोरच्या लांब कडेवर बसवायचा. त्रिकोण होतो आणि बाजूला एक पट्टी उरते. पट्टीच्या घडीवर नख फिरवायचं, घडी एकदा पुढे एकदा मागे करायची आणि पट्टी सावकाश फाडायची. उघडलं की चौकोन तयार. होडी आणि टोपीला मात्र वर्तमानपत्राचं लांबट पानच बरं.

पेला मुलांना फार आवडला. चौकोनाचा त्रिकोण करायचा, लांब कड आपल्या बाजूला. उजवं टोक उचलून डाव्या तिरक्या बाजूवर असं टेकवायचं, की वर आलेली कड खालच्या कडेला समांतर राहील. डावं टोक उलटं उजवीकडे. वर दोन पाकळ्या उरतात. एक पुढे दुमडायची, एक मागे. तोंड उघडलं की पेला. कोऱ्या स्वच्छ कागदाचा केला तर लिंबू सरबताचे दोन-चार घोट त्यात खरंच पिता येतात. छापील कागदाच्या पेल्यात मी सरबत देत नाही, शाई असते. त्याला झाकण समजून बाहुलीला पाजायचं. वर्तमानपत्राच्या होडीला बाहेरून मेणबत्ती घासली की ती परातीतल्या पाण्यात बराच वेळ तरंगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून परातीतलं पाणी संध्याकाळी तुळशीला नि कढीपत्त्याला. तुळस शेजारची, कढीपत्ता आमचा.

हे सगळं चालू होतं, पण मला एक गोष्ट सलत होती. छोटूच्या घड्या वाकड्या येत. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, तर त्याचा कोपरा बोटभर अलीकडेच थांबायचा. कड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. पेला एका अंगाला कललेला, होडीला एक टोक वर एक टोक खाली. तो मात्र खूश. झोपताना सगळं उशाशी रचून ठेवायचा.

एका रात्री मला राहवलं नाही. तो झोपल्यावर मी कंदिलाच्या उजेडात त्याची होडी उलगडली, कडा जुळवल्या, नखाने दाबून पुन्हा घातली. पेला सरळ केला. पंख्याच्या पट्ट्याही पुन्हा घातल्या. सकाळी बघून लेकरू खूश होईल, असंच माझ्या मनात होतं.

सकाळी तो उठला. होडी हातात घेतली, फिरवून बघितली. पेला बघितला. मग सगळं मुन्नीच्या उशाकडे सरकवून म्हणाला, "ये मेरा नई है."

"तेराच है रे बेटा," मी म्हटलं.

"नई. ये अच्छा है."

आणि हात बनियनच्या आत गेले.

तीन दिवस तो चटईवर आला नाही. दाराशी बसून मुंग्या बघायचा. मी बोलावलं की मान हलवायचा. मी मुलीला फोनवर काही सांगितलं नाही. सांगायचं काय? त्याच्या बाईंनी वहीवर लाल शाईने केलं, तेच मी रात्री नखाने केलं होतं.

त्या तीन रात्री मला माझी अम्मा फार आठवली.

केम म्हटलं की कुंकू, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावचं कुंकू महाराष्ट्रभर जातं. माझ्या लहानपणी ते कागदी पुड्यांतही जायचं. अब्बांच्या पश्चात घर चालवायला अम्मा अशाच एका ठिकाणी पुड्या बांधायला जायची. सुट्टीत मीही तिच्याबरोबर. बायका ओळीने बसायच्या. समोर कुंकवाचा ढीग, शेजारी कापलेले कागद. मापाने कुंकू टाकायचं, कागदाच्या दोन कडा एकत्र आणून दोनदा मुडपायच्या, मग दोन्ही टोकं आत घेऊन एकात एक खोचायची. ना खळ, ना दोरा. अम्माचा हात असा चालायचा की बघत राहावं. संध्याकाळी घरी येऊन ती वुजूला बसली की तिच्या हातांवरून पाणी लाल होऊन वाहायचं. ज्या कुंकवाचं बोट तिने कधी कपाळाला लावलं नाही, त्याचा रंग तिच्या नखांतून कधी गेला नाही. शेजारच्या घरी हळदी-कुंकू असलं की ती म्हणायची, "आज माझ्या हातची पुडी त्यांच्या करंड्यात असेल."

हिशेब शेकड्यावर असायचा. वाकडी पुडी सुटते, कुंकू सांडतं. म्हणून वाकडी निघालेली पुडी मोजणीत धरत नसत. सांडलेलं कुंकूही मजुरीतून वजा. मी बांधलेल्या पुड्या अम्माच्या शेकड्यात जायच्या. माझी घडी चुकली की ती माझ्या बोटांवर हलकी चापट मारायची आणि म्हणायची, "कोनेकू कोना लगा, बेटी. कोनेकू कोना." तिचा राग नसायचा. तिला भाकरीचा हिशेब दिसायचा.

तो हिशेब माझ्या बोटांत राहिला. पुढे मशीनवर बसले तेव्हा कामालाही आला. शिवण सरळ नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. पण छोटूची होडी कुणी मोजून घेणार नव्हतं. ती वाकडी निघाली म्हणून कुणाची मजुरी कापली जाणार नव्हती. अम्माला जे पोटासाठी करावं लागलं, ते मी विनाकारण एका पाच वर्षांच्या पोराकडून वसूल करत होते.

चौथ्या दिवशी मी त्याच्याजवळ दाराशी जाऊन बसले. म्हटलं, "छोटू, तुझी होडी मी रात्री उलगडली. तुला न विचारता. माझं चुकलं."

त्याने मुंग्यांवरची नजर काढली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "क्यों खोली?"

"मला वाटलं, वाकडी आहे."

"टेढी थी," तो म्हणाला. "पर चलती थी."

खरंच चालत होती. परातीत सगळ्यात जास्त वेळ तीच तरंगली होती.

त्या दुपारी तो चटईवर आला, पण कागदाला हात लावेना. मुन्नीला पोपट करायचा होता. दुकानाच्या जाहिरातीचं एक पत्रक होतं, पुढून लालभडक, मागून कोरं. मागची बाजू तिने रंगीत खडूने हिरवीगार केली, चौकोन फाडला आणि मग तिला दुसरा कागद सापडला म्हणून हा तसाच टाकून दिला. छोटूने तो ओढला. हिरवी बाजू वर ठेवली, खालचा कोपरा उचलला आणि वरच्या कोपऱ्याकडे नेला. नेहमीसारखा बोटभर अलीकडे थांबला. माझा हात पुढे जायला लागला होता. मी तो ओढून मांडीखाली दाबून धरला.

त्याने घडीवरून मूठ फिरवली. लाल त्रिकोण झाला आणि त्याच्या दोन बाजूंना मागची हिरवी पट्टी दिसू लागली. एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. त्याने तो फिरवला. सरळ कड वर, टोक खाली. बघत राहिला. मग ओरडलाच, "नानी! कलिंगड!"

हे एकच त्याने मराठीत म्हटलं, कारण कलिंगड त्याला केममध्येच भेटलं होतं, टोपलीवाल्या मावशींच्या हाकेत.

आणि ते होतंच कलिंगड. कोपऱ्याला कोपरा जुळला असता तर हिरवी साल झाकून गेली असती. खालचं टोक मागे दुमडून मी सुचवलं, "असं केलं तर फोड गोल दिसेल." यावेळी माझ्या हातातल्या माझ्या कागदावर करून दाखवलं, त्याच्या कागदाला हात लावला नाही. त्याने बघून आपलं टोक दुमडलं. मग पेन मागून घेतलं आणि बिया काढल्या. बारीक बारीक ठिपके. त्यात कुठे टोक मोडलं नाही की कागद फाटला नाही. पेन त्याने स्वतःहून मागितलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

संध्याकाळपर्यंत अकरा फोडी झाल्या. शेजारच्या मुलांनीही केल्या. बाकीच्यांना त्याने शिकवलं, "पूरा नई मिलाने का. थोडा रुकने का."

रात्री मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं, होडी उलगडल्याचंही. ती जरा गप्प राहिली, मग हसून म्हणाली, "अम्मी, हे तर आम्हाला अभ्यासाला आहे." तिने सांगितलं की फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन म्हणू लागले, आणि त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्यांना जागा होती. त्यावरून सुचून आपल्याकडच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला एक पुस्तक छापलं. नुसत्या कागदाच्या घड्यांतून सगळी भूमिती. ओरिगामी हा शब्द जपानी, ओरु म्हणजे घडी घालणं, कामी म्हणजे कागद. त्या कलेचे जगभर मानले गेलेले उस्ताद अकिरा योशिझावा तरुणपणी कारखान्यात कामाला होते आणि नव्या कामगारांना भूमिती समजावी म्हणून कागद दुमडून दाखवत. अरविंद गुप्तांनी तर आयुष्यभर टाकाऊ कागद, काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून मुलांना विज्ञान शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी म्हटलं, "म्हणजे तुझी नानी कारखान्यात बसून भूमितीच करत होती."

"हौ अम्मी," ती म्हणाली, "फक्त तिला कुणी नंबर दिला नाही."

बहिणींनो, सुट्टीत तुमच्याही घरी अशी मुलं येतात. त्यांच्यासाठी कागद घेऊन बसणार असाल, तर मला जे उशिरा कळलं ते सांगते. पाच वर्षांच्या मुलाला सोप्या घड्यांचीच वस्तू द्या. कलिंगड, पंखा, पेला. होडी-टोपी थोडी मोठी झाल्यावर. कागद मोठा घ्या, निदान वीतभर. लहान कागदाला लहान बोटं पुरत नाहीत. मांडीवर नको, पाटावर किंवा फरशीवर बसवा, म्हणजे घडी दाबता येते. नख जमत नसेल तर मूठ फिरवू द्या. एका वेळी एकच घडी दाखवा आणि त्याची होईपर्यंत थांबा. भिरभिरं करायचं तर त्याला कात्री नि टाचणी लागते, ते काम मोठ्यांनी करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला कागद वेगळा ठेवा. शिकवायचं ते आपल्या कागदावर. मुलाच्या हातातला कागद ओढून "असं कर" म्हटलं की वस्तू सुबक होते, पण ती मुलाची राहत नाही. हे माझ्या हातून झालं, म्हणून सांगते.

वाकडी घडी पुढे सरळ होते का? होते. महिनाअखेरीला छोटूचे कोपरे बरेच जवळ येऊ लागले होते. मी एकदाही म्हटलं नव्हतं. कलिंगडाला कोपरा अलीकडे थांबवायचा आणि पेल्याला जुळवायचा, हा फरक कळला की हात आपोआप पुढे जातो. जुळवायचं कुठे आणि थांबायचं कुठे, हे आता तो ठरवत होता. अक्षराचं मी काही सांगू शकत नाही. वही मी पुन्हा काढलीच नाही. पण हात बनियनच्या बाहेर होते.

जायच्या आदल्या दिवशी मी त्याला अम्माची पुडी शिकवली. कुंकवाऐवजी बडीशेप. कडा एकत्र आणायच्या, दोनदा मुडपायच्या, टोकं एकात एक खोचायची. सांगितलं, "ही तुझ्या अम्मीच्या नानीची घडी आहे." तो म्हणाला, "उनको किसने सिखाया?" मला माहीत नव्हतं. अम्माला मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केम स्टेशनवर गाडी आली. मुलगी दोघांना न्यायला आली होती. डब्यात चढल्यावर छोटूने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि माझ्या हातात एक पुडी ठेवली. आपली आपण बांधलेली. एक टोक लांब, एक आखूड. "नानी, घर जाके खोलना," म्हणाला.

घरापर्यंत ती टिकली नाही. स्टेशनपासून पाच मिनिटं चालले असेन, तोवर आखूड टोक सुटलं आणि बडीशेप पिशवीत सांडली. अम्माच्या शेकड्यात ती धरली गेली नसती.

बडीशेप मी वेचून डबीत भरली. कागद मशीनच्या खणात ठेवलाय, दोऱ्याच्या रिळांखाली. तो पुन्हा दुमडला नाही. त्याच्या घड्या जशा पडल्या तशाच आहेत.